भर दुपारी हलवलेला सर्व्हर

ल्वानताईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. फानसाहेबांना एक दुपार पुरली.

आमचा दवाखाना ह्वालिएन शहराच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. ल्वानताई, म्हणजे गू श्यौ-ल्वान, इथे लागल्या त्या केसपेपर पोचवायला. तळघरातून कागदांचे गठ्ठे उचलायचे, तीन जिने चढायचे, डॉक्टरांच्या टेबलावर टाकायचे. संगणक आले आणि ते काम संपलं. बाई घरी बसल्या नाहीत. संगणक बसवायला आलेल्या माणसांच्या मागे फिरून, शाळकरी वहीत लिहून घेत त्यांनी सगळं उचललं. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी सर्व्हरची खोली त्यांची, आणि मी त्यांच्या हाताखाली. याचा मला आधी राग यायचा, खोटं कशाला बोलू.

खोलीत एक जुनं यंत्र होतं. लोखंड एकच, पण त्याच्या पोटात अकरा सर्व्हर नांदायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं की यंत्र आपल्या एकट्याचं आहे. कुणी औषधांचं बघायचा, कुणी एक्स-रेचं. सगळ्यांत धावपळीचा होता रुग्णांना नंबर देणारा. त्या सोमवारी यंत्र तापून बंद पडलं, कसंबसं पुन्हा सुरू झालं. रविवारच्या सुट्टीपर्यंत ते तग धरणार नाही, हे मलाही दिसत होतं. शेजारी नवं यंत्र तयार होतं. अकराही सर्व्हर त्यात न्यायचे, एवढंच.

आमचे व्यवस्थापक फानसाहेब म्हणाले, "गुरुवारी दवाखाना बंद ठेवू. बाहेरची कंपनी येऊन हलवेल. त्यांना तोच दिवस मोकळा आहे."

"गुरुवारी डोंगरातली बस येते," ल्वानताई म्हणाल्या. "आठवड्यातून एकदाच. त्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?"

"पुढच्या गुरुवारी येतील."

"त्यांची साखर थांबेल का तोपर्यंत? मी बुधवारी हलवते, सगळं चालू ठेवून. एक जरी नंबर अडकला तर खोलीची किल्ली तुमच्या टेबलावर."

फानसाहेबांनी पंचांग काढलं. "बुधवारी घर हलवायला मनाई आहे, ताई."

"घर नाही हो, सर्व्हर. त्याचं पंचांग वेगळं."

तरीही साहेबांनी दारावर 'गुरुवारी बंद'ची चिठ्ठी लावलीच.

बुधवारी सकाळी त्या गारठ्याच्या खोलीसाठी ताईंनी जाड जाकीट चढवलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात; ताईंनी ते नव्या यंत्रावर ठेवलं, तारीख उलटलेली नाही ना ते तपासून. जेवणाच्या डब्यांपर्यंत दहा सर्व्हर नव्या घरी गेले. कुणाला पत्ताही लागला नाही.

अकराव्याला त्या हात लावेनात. "दीड वाजता," म्हणाल्या.

दीडला दुपारची ओपीडी उघडते, तेव्हा तर झुंबड! मला राहवेना. त्या डबा खायला गेल्या तशी मी सुरुवात केली. चालू सर्व्हरची नक्कल पलीकडे जात असते, आणि तेवढ्यात इकडे जे बदलतं ते पुन्हा न्यावं लागतं. नव्वद टक्क्यांवर गाडी अडली. दुपारच्या नंबरांसाठी रांग आधीच लागली होती; प्रत्येक नव्या नंबराला मागे नवं काही उरायचंच. नंबरांचा पडदा अडखळू लागला.

"थांबव!" ताई दारातूनच ओरडल्या. "अक्कल गहाण ठेवलीस का रे? भांडं भरतंय तोवर उचलतात का?"

मी रद्द केलं. नंबर अडकला नाही, पण ताईंच्या नजरेला नजर देता येईना. फानसाहेब दारात येऊन उभे राहिले. "मग काय, कंपनीला कळवू?"

"पाच मिनिटं थांबा."

दीड वाजला आणि बाहेर भोंगा वाजला. हवाई हल्ल्याची वार्षिक कवायत! दरवर्षी होते, तरी फानसाहेब आणि मी साफ विसरलो होतो; ताई नाही. रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या, मोठं दार बंद झालं. अर्धा तास नवा माणूस आत येणार नव्हता, नवा नंबर निघणार नव्हता. आतले आपापल्या बाकावर बसून राहिले.

"आता," म्हणत ताईंनी कळ दाबली.

नव्वद. त्र्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, आणि शंभर.

दोन वाजता दार उघडलं, अर्ध्या तासाची तुंबलेली गर्दी एकदम आत आली. खरी परीक्षा हीच होती. फोन वाजला. नोंदणी खिडकीवरची श्वे-चू.

"ताई, काय केलंत हो? इतके भराभर नंबर निघताहेत, मला पाणी प्यायला फुरसत नाही. जरा हळू करा ना!"

ताई हसल्या. नऊ वर्षांत इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. माझी छाती त्यांच्यासाठी फुगली, जणू मीच तीन जिने चढून आलो होतो.

"साहेब, जुनं बंद करायचा मान तुमचा."

फानसाहेबांचा हात बटणावर थबकला. "नक्की?"

"दाबा."

त्यांनी दाबलं. इतक्या वर्षांची घरघर थांबली, खोली चिडीचूप झाली. भिंतीपलीकडे मात्र नंबराची घंटा वाजली. पुन्हा वाजली. वाजतच राहिली.

फानसाहेब खाली गेले, आणि 'गुरुवारी बंद'ची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हातांनी फाडली.

दुसऱ्या दिवशी बस आली. एकोणीस जण उतरले, मी मोजले. एकोणीसही जणांना नंबर मिळाला.