‘गांधी’ म्हणजे अर्टिकेरिया

हे लिहावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजवर मी लिहिल्या त्या केस-स्टडी, नाहीतर परीक्षेच्या उत्तरपत्रिका. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. पुस्तकात छापतात तसलं लिहिणारा माणूस आमच्या ओळखीतही नाही. त्यातून मी लिहिणार डॉक्टरांबद्दल, आणि तेही वाईट. माझी आई डॉक्टरच्या दाराबाहेर चप्पल काढून आत जाते. म्हणून वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो, आणि आईची वेगळी. तिला वाचता येत नाही, त्या धीरावरच हे लिहितोय.

सगळे डॉक्टर सारखे नसतात हे मला माहीत आहे. मला अभ्यासातलं समजावून सांगणारेही भेटले. पण मी सांगणार आहे ते डॉक्टर तसे नव्हते.

सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात माझं पोस्टिंग होतं. ते डॉक्टर तिथं निवासी डॉक्टर होते, म्हणजे स्वतः अजून शिकतच होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. नर्सिंगच्या मुलांना सगळीकडे ‘ब्रदर’ म्हणतात, त्यात काही नाही. पण ते ‘ए ब्रदर’ असं म्हणायचे की रिक्षावाल्यानंही मान वळवली नसती. ड्रेसिंग झालं की हातमोजे काढून उभ्या जागी खाली टाकायचे. कचऱ्याची बादली एका पावलावर असायची, पण उचलायला आम्ही होतो ना. पेशंटला प्रश्न विचारायचे आणि तो तोंड उघडेपर्यंत मोबाईल बघायला लागायचे. त्यांचे मोठे सर राउंडला आले की मात्र त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की पहिल्यांदा मला वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. “अच्छा,” ते म्हणाले. त्या ‘अच्छा’चा अर्थ आपल्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, आडनावानंही नाही.

एका सकाळी मंद्रूपकडचे एक आजोबा दाखल झाले. साखरेचा आजार, पायाच्या बोटाला जखम, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. ताप इतका की नीट बोलतही नव्हते. सोबत फक्त आजी होत्या. डॉक्टर तीन-चार विद्यार्थ्यांना घेऊन खाटेपाशी आले आणि केस पेपरवर लिहिता लिहिता म्हणाले, “कुठल्या औषधाची अॅलर्जी?”

आजींना प्रश्नच कळला नाही. मी हळूच म्हणालो, “आजी, कुठलं औषध बाधतं का त्यांना?”

“बाधतं की,” आजी म्हणाल्या. “मागल्या साली गावच्या डाक्टरनं सुई दिल्ती, तर अंगभर गांधी उठल्या ह्यास्नी.”

डॉक्टरांनी मान वर केली. “काय उठलं?”

“गांधी, सायेब. अंगभर.”

“कुठले गांधी?” डॉक्टर म्हणाले आणि विद्यार्थ्यांकडे वळले. “अंगावर गांधी उठतात यांच्या. लिहा, लिहा. परीक्षेला विचारतील.”

सगळे हसले. आजीही थोड्या हसल्या, कारण सगळे हसत होते. आणि मीही हसलो. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण मी हसलो हे खरं आहे. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. लहानपणी एकदा माझ्याही अंगावर गांधी उठल्या होत्या आणि आईनं अंगाला काळं कांबळं चोळलं होतं. तरी मी हसलो, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून.

डॉक्टरांनी अॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं, इंजेक्शन लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

ट्रे तयार करायला मी टेबलापाशी आलो. खाटेवर आजी आजोबांच्या हाताला खाजवून दाखवल्यासारखं करत शेजारच्या बाईला सांगत होत्या, “हितनं सुरू झालं आन् पार मानंपोतूर. लाल लाल. व्हट असं सुजलं हुतं.” ते ऐकताना माझ्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. अर्टिकेरिया. दुसऱ्या वर्षाला मी त्यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. लाल चट्टे, खाज, ओठांना सूज, पुढं श्वास कोंडणं, वेळेवर उपचार नाही झाले तर मृत्यू. चारपैकी साडेतीन मिळाले होते. पण तो पुस्तकातला आजार आणि आमच्या घरातल्या गांधी ही एकच गोष्ट आहे, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. मी जाऊन विचारलं, “आजी, ओठ सुजले, मग?”

“मग काय, दम कोंडला. जीपमदी घालून सोलापूरला आणलं. मरता मरता वाचल्यात. गावचा डाक्टर म्हनला, ही सुई जन्मात घ्यायची न्हाय.”

“सुईचं नाव?”

“कायतरी सिलीन म्हनला बघ. निस्तं सिलीनच ध्येनात हाय.”

माझ्या ट्रेमधलं इंजेक्शन त्याच घराण्यातलं होतं.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते ड्युटी रूममध्ये चहा पीत होते. रस्ताभर मी वाक्य जुळवत होतो. ‘गांधी’ म्हटलं तर परत हसतील, म्हणून पुस्तकातला शब्द वापरायचं ठरवलं. “सर, त्या आजोबांना आधी अर्टिके... अर्टिकेरिया झाला होता. पेनिसिलीनच्या घराण्यातल्या...”

“काय झाला होता?”

“अर्टिकेरिया, सर.”

“आर्टी-कैरिया? कैरी खाल्ली होती का त्यांनी?” समोर बसलेला त्यांचा मित्र हसला. “आधी नीट म्हणायला शिक. कुणी सांगितलं हे तुला?”

“त्यांच्या बायकोनं, सर. ओठही सुजले होते, श्वास...”

“ती बाई सांगणार, गावचा कंपाउंडर सांगणार, आणि तू मला सांगणार. मग आम्ही कशाला शिकतोय रे? जा, इंजेक्शन दे.”

मी तिथंच उभा राहिलो. लोकांना वाटेल की मी ठामपणे नाही म्हणालो. तसं काही झालं नाही. माझ्या तोंडातून शब्दच फुटेना, आणि पाय हलेनात, एवढंच. त्यांना तो उर्मटपणा वाटला.

“दे म्हणलं ना?”

“सर, टेस्ट डोस तरी...”

“दुपारनंतर तू या वॉर्डात दिसलास तर बघ,” ते म्हणाले. “तुझ्या कॉलेजला कळवतो. हे वर्ष तुझं गेलं असं समज.”

वर्ष जाणं म्हणजे माझ्यासाठी काय, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. बापाला मी काय सांगणार होतो, एवढंच डोक्यात घेऊन मी वॉर्डात आलो. आमच्या इन्चार्ज सिस्टर अक्कलकोटकडच्या होत्या. वीसेक वर्षं नोकरी झालेली, बोलणं तिरकं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आजींना बोलावून कन्नडमध्ये दोन प्रश्न विचारले, कारण आजींचं माहेर त्यांच्याच कानडी मुलखातल्या मैंदर्गीचं निघालं. मग नर्सिंग नोट्सचा कागद माझ्यापुढं सरकवला.

“लिही.”

“काय लिहू?”

“म्हातारी बोलली ते. वेळ टाक. आणि खाली लिही, डॉक्टरांना कळवले. तोंडानं बोललेलं या वॉर्डात कुणाचं टिकत नाही बाबा, तुझंही नाही आणि त्या राजाचंही नाही.”

मी लिहिलं. इंग्रजीत अर्टिकेरिया लिहिलं आणि कंसात मराठीत ‘गांधी उठल्या’. सही केली. सिस्टरांनी खाली स्वतःची सही केली.

डॉक्टर चहा संपवून आले, कागद पाहिला. “हे खोड.”

मी सिस्टरांकडे पाहिलं. “खोडायचं नसतं, सर,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “तुम्हीच शिकवता की पोरांना.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुटाला लागलेल्या घाणीकडे पाहतात. इतक्या वर्षांचं शिक्षण आणि खाटेवरच्या माणसाकडे एकदा वळून बघणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं. आजोबा तिथंच होते, दोन हातांवर. डॉक्टर बघत होते कागदाकडे. मला तेव्हा त्यांची भीती वाटत होती, पण त्यांच्याबद्दल जो काही आदर होता तो त्या मिनिटात गेला, आणि परत आलेला नाही.

दुपारी कॉलेजातून बोलावणं आलं. चौकशी होईपर्यंत माझं वॉर्डातलं काम थांबवून मला माळशिरसकडच्या एका आरोग्य केंद्रावर पाठवलं. निघताना वॉर्डात जाऊ दिलं नाही. ट्रे मी भरूनच ठेवला होता. माझ्यानंतर ते इंजेक्शन कुणी दिलं का, हेच मला कळत नव्हतं.

केंद्रावर मी बाळांची वजनं घेत होतो, गरोदर बायांचे ब्लड प्रेशर बघत होतो आणि दिवसभर तेच डोक्यात. वर्गातल्या एका मित्राला फोन केला. त्याचं पोस्टिंग त्याच वॉर्डात लागलं होतं.

“कुठला म्हातारा?” तो म्हणाला. “त्या खाटेवर आता एक पोरगा आहे, अपेंडिक्सचा.”

“आधीचे आजोबा कुठं गेले?”

“मला काय माहीत रे. मी आलो तेव्हा खाट मोकळी होती.”

खाट मोकळी झाली, याचे आमच्या धंद्यात दोनच अर्थ. सिस्टरांचा नंबर मिळवून विचारता आलं असतं. पण मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटली. केंद्रावरच्या तीन आठवड्यांत मी पुष्कळदा मनाशी म्हणालो की आपण ट्रे भरायलाच नको होता.

चौकशीसाठी परत बोलावलं तेव्हा माझ्यावर काहीच ठपका नव्हता. प्राचार्यांनी “वरिष्ठांशी नीट बोलत जा” एवढं सांगून सोडलं. का सोडलं, ते मला कळेना. तडक वॉर्डात गेलो. सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या.

“या पाहुणे,” त्या म्हणाल्या. “माळशिरसची हवा मानवलेली दिसतेय.”

“सिस्टर, ते इंजेक्शन...”

“सांगते की. तू गेल्यावर तुझे साहेब ट्रे घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, सिस्टर, द्या. मी म्हटलं, तुम्हीच द्या सर, मी वेळ लिहून घेते आणि तुमची सही. ट्रे हातात घेऊन दोन मिनिटं उभे राहिले. मग ठेवून दिला आणि म्हणाले, राउंड होऊ दे.”

“मग?”

“मग मोठे सर आले. तुझा कागद वाचला. म्हणाले, हे कुणी विचारलं? तर हे पुढं झाले, म्हणाले, मी, सर. मीच हिस्ट्री घेतली.” सिस्टरांनी एक खोकं वरच्या फळीवर ढकललं. “सर खूष. पोरांना म्हणाले, हिस्ट्री कशी घ्यायची ते यांच्याकडून शिका. आता त्याच कागदावरून तुझ्यावरची तक्रार कुठल्या तोंडानं चालवणार?”

माझ्या डोक्यात ते काही शिरत नव्हतं. “आणि आजोबा?”

“दुसरं औषध लावलं. एक बोट काढावं लागलं,” सिस्टर म्हणाल्या. “बाकी आख्खा माणूस, म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून, मंद्रूपच्या यष्टीला गेला.”