सालुहाला आलेलं मार्सेलचं तिकीट

गाबेस शहरातल्या आमच्या डायलिसिस केंद्रात सालुहा एकोणीस वर्षं नोंदणीच्या टेबलाशी बसते. मी तिथली नर्स. कोणाची पाळी कुठल्या वारी, पाणी काढल्यावर कुणाचं वजन किती असायला हवं, सगळं तिच्या कॉम्प्युटरमध्ये.

तिचा धाकटा भाऊ मुंजी समुद्रापलीकडे मार्सेलला असतो. आई गेली तेव्हा तो आला नाही, आणि पुढं सहा वर्षं फोनही नाही.

मार्चमधल्या एका सकाळी केंद्राच्या ईमेलवर एका प्रवास कंपनीचं पत्र आलं. मार्सेलचं तुमचं तिकीट पक्कं झालंय, सोबतची फाइल उघडा.

"ए नाजिहा, मुंजीनं पाठवलं बघ! त्याच्याकडे माझा हाच पत्ता आहे."

"गच्चीवर जायला घाबरतेस, विमानात बसणार होय?"

"बसेन की!" असं म्हणत तिनं फाइल उघडली. पान कोरंच. तिनं पुन्हा उघडली.

दुपारपर्यंत एकही नोंद उघडेना. स्फाक्स शहराहून आलेला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "त्या फाइलमधल्या व्हायरसनं सगळं कुलूपबंद केलंय. कंपनीचं नुसतं नाव वापरलंय, बाई. अशी पत्रं हजारोंना जातात. इथं कुणाच्या घरचं माणूस मार्सेलला नाही?" नोंदींची जादाची प्रत, बॅकअप, तीही त्याच मशीनला जोडलेली होती, तीही गेली.

डॉक्टर शाधलिया रागावल्या नाहीत. "उद्या सकाळी कोण कोण आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. सालुहानं खणातून कोरी वही काढली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन खाटांपाशी फिरली. पेशंटनीच सांगितलं.

"लिही लेकी, साडेएकसष्ट किलो," हाजी तिजानी म्हणाले. "साठापर्यंत खाली आणलंत तर पायात गोळे येतात. आणि त्या जोहराचं ऐकू नकोस, ती दोन किलो कमी सांगते."

"तुम्ही माझं वजन कधी केलंत हो?" पलीकडच्या खाटेवरून जोहरा ओरडली.

सगळे हसले. सालुहानं मान वर केली नाही. चार दिवसांत त्रेसष्ट जणांची वही भरली. रक्ताचे जुने रिपोर्ट मात्र गेले ते गेलेच.

आठवड्यानं तिनं चुलतबहिणीकडून मुंजीचा नंबर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"तू मला तिकीट पाठवलं होतंस?"

"कसलं तिकीट?"

"काही नाही. बरा आहेस ना?"

"आहे."

तिनं फोन ठेवला आणि डब्यातला रव्याचा कुसकुस ढवळत बसली.

"काय वाटलं गं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "पाच नंबरच्या पेशंटची सुई काढायची वेळ झाली, जा."