एका पोत्याची दोन नावं

"इतक्या लवकर झालं? मले भेव वाटून राह्यलं, भाऊ."

संगणकाच्या पडद्यावर 'पूर्ण' असा शब्द उमटला, की बाई हे म्हणायच्या आणि खुर्ची वीतभर मागे सरकवायच्या. काम अडकलं तर आपण चिडतो. बाई काम झटकन झालं की घाबरायच्या. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, पण त्यांची भीती बहुतेक फुकट जाते. बाईंची गेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चामोर्शीला आमची एक छोटी संस्था होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या साक्षी ध्वनिमुद्रित करायच्या, गावाची हद्द कुठवर होती, मोहाची झाडं कोणाची, तळं कोणी खोदलं, आणि जंगलहक्काच्या दाव्याला त्या जोडायच्या, हे आमचं काम. मी गावात फिरायचो. बाई खोलीत बसून ते आवाज सांभाळायच्या. पन्नाशीच्या होत्या, मूळच्या चंद्रपूरच्या. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. संगणकाच्या आत काय चालतं याचं मोठमोठं लिखाण त्या डब्यातली पोळी खाताना वाचायच्या, आणि तेलाचं बोट पडद्याला लागू नये म्हणून पानं कोपरानं उलटायच्या.

त्यांचा नियम एकच होता. "दोन जागी असल्याबिगर कार्ड पुसाचं नाई." कार्ड म्हणजे ध्वनिमुद्रकातलं. मी तो नियम पाळला. नेमका तिथेच घात झाला.

त्या मे महिन्यात बाई तीन दिवस बहिणीकडे चंद्रपूरला गेल्या होत्या. प्रती ठेवायची दुसरी डिस्क त्यांच्या पिशवीत होती. मला दुसऱ्याच दिवशी नव्या गावाला निघायचं होतं आणि महिन्याभराच्या फिरतीनं कार्डं भरलेली. मी सगळ्या साक्षी संगणकात उतरवल्या, मग त्याच संगणकात दुसरा फोल्डर काढून तिथे त्यांची प्रत केली. एरवी दीड तास खाणारं काम पापणी लवायच्या आत झालं. मला माझंच कौतुक वाटलं. झाल्या दोन जागा, म्हणून मी कार्डं पुसली.

बाई परत आल्या त्या दुपारी संगणकातून टक टक असा आवाज येत होता. त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही, तशाच वाकून ऐकत राहिल्या. "डिस्क चालली आपली," एवढंच म्हणाल्या. मी पहिल्या फोल्डरमधली एक साक्ष लावली. एका म्हातारबांची. त्यांनी मला हद्दीच्या दगडांची नावं सांगितली होती आणि पंधरा दिवसांनी ते वारले होते. आवाज निघाला नाही. मी म्हटलं, "बाई, घाबरू नका. दुसरी प्रत आहे." दुसऱ्या फोल्डरमधून लावली. तीही तिथेच अडली, तशीच टक टक करत.

"ही प्रत किती वेळात झाली होती?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, संगणकाच्या आत कर्नेल असते ना, सगळं चालवणारा, तो कारभारी आहे. पहिले प्रत कराची तं कोठीतलं पोतं उचलून अंगणात आणाचं, मंग दुसऱ्या कोठीत टाकाचं. कारभारी म्हणते, अंगणात काऊन आणता, मी आतल्या आत सरकवतो. आताचा कारभारी त्याहून हुशार. तो पोतं हालवतच नाई. वहीत लिहून ठेवते, हे पोतं याचंही आणि त्याचंही. कोणी त्यात बदल केला तरच तेवढा वाटा नवा मांडते. मेहनत वाचते. पण पोतं एकच. त्याले उंदीर लागला तं दोघांचंही गेलं."

"आणि कार्डं?" त्यांनी हळूच विचारलं. "पुसली," मी म्हटलं.

मग त्यांनी कूलर बंद करायला लावला, कारण वीज गेली तर बॅटरीवर तेवढाच भार कमी. दार लावलं. एकेक साक्ष त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवू लागल्या, सावकाश, आणि उतरली की तिचा शेवट ऐकून बघायच्या. टक टक वाढली की थांबायच्या, डिस्क निवेपर्यंत ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसायच्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. हुशार माणसाची भीती पाहणं फार वाईट असतं, कारण ती खोटी नसणार हे आपल्याला ठाऊक असतं. मी उकाड्यानं नव्हे, भीतीनं घामाघूम झालो होतो, आणि हे आजही सांगायला लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या साक्षी निघाल्या. म्हातारबांची तेवढी निघाली नाही.

त्यांच्या मुलाला सांगायला आम्ही माझ्या गाडीवरून गेलो. मीच सांगेन, असं मी ठरवलं होतं. मागे बसलेल्या बाई वाटभर म्हणत होत्या, "मले भेव वाटून राह्यलं, भाऊ. हळू चालवा." गाडी तर मी बैलगाडीच्या चालीनंच नेत होतो.

मुलानं खाट टाकली, पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावून बसलो. बाई म्हणाल्या, "तुमच्या बाबांचा आवाज माझ्या हातून गेला. मशीन माझ्या ताब्यात होती." तो उठला. आत जाऊन बसला.

परतताना मी म्हटलं, "बाई, मी सांगायला हवं होतं."

"तुम्हाले उद्या पुन्हा त्या गावात जायचं आहे. हद्दीचे दगड आणखी कोणाले माहीत असतील तं विचाराचं आहे. तुमच्यावरचा विश्वास गेला, तं तिथी कोण बोलते मंग? माझं काय, मी खोलीतलं माणूस."

दगडांची नावं पुढे एका आजीनं सांगितली, दावा उभा राहिला. बाईंना मात्र संस्थेनं पुढच्या वर्षी ठेवलं नाही. तेव्हाही मी गप्पच बसलो. मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरला काविळीचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. म्हातारबांची साक्ष अजून संगणकाच्या यादीत आहे, दोन्ही फोल्डरमध्ये, नावासकट. नावामागे आवाज नाही. मी ती पुसलेली नाही.

परवा चामोर्शीच्या बाजारात म्हातारबांचा मुलगा भेटला. चारोळी विकायला बसला होता. "त्या बाई कुठी आहेत आता?" त्यानं विचारलं. "आवाज गमावला, पण सांगाले स्वतः आल्या. कोण येते असं?"

मी खाली बसलो आणि सांगितलं. कार्डं कोणी पुसली ते, आणि बाई आता नाहीत हेही.

त्यानं तराजू खाली ठेवला. चारोळीत बोटं फिरवली.

"बाईले माहीत होतं, तुम्ही केलं म्हणून?"

"होतं."

"मंग माझ्या घरी येताना तिले भेव नाई वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं. "वाटभर वाटत होतं."