ग्लाउकोस आजोबांची लफडी

अँथेदोन गावात जो तो स्वतःला समुद्रदेव ग्लाउकोसचा वंशज म्हणवायचा, पण सणापुरतं. स्पंज काढणाऱ्या थ्रासिल्लोस पाणबुड्यानं मात्र ते मनावर घेतलं होतं. ग्लाउकोस याच गावचा कोळी, कसलासा पाला खाऊन देव झाला, म्हणजे घरचाच माणूस! बुडी मारण्याआधी थ्रासिल्लोस ओरडायचा, "आजोबा, येतोय हो! नीट सावरून बसा!" वारा फिरला की शिव्याही आजोबांनाच.

त्यापायी लेकीचं, मेलित्ताचं, लग्न जमेना. शेवटी पलीकडच्या खाल्किसहून फेरेक्लेस नावाचा विधुर आपल्या मुलासाठी बघायला आला. भाजलेला बांगडा खाऊन झाल्यावर त्यानं हळूच विषय काढला.

"घराणं मोठं आहे तुमचं. पण आजोबांचं त्या सहा तोंडांच्या स्किल्ला राक्षसिणीशी काहीतरी होतं म्हणतात?"

"तेव्हा तिला एकच तोंड होतं," थ्रासिल्लोस म्हणाला. "आणि देखणं होतं."

"मग बाकीची?"

"ती किर्के चेटकिणीची करणी. तिचा जीव आजोबांवर, आजोबांचा स्किल्लावर. जळफळाटानं तिनं पाण्यात विष कालवलं."

"आणि त्या आरियाद्ने नावाच्या पोरीपायी आजोबांना द्राक्षवेलींनी बांधून घातलं, ते?"

"दारूच्या देवानं. तिच्यावर त्याचाही डोळा होता, हे आजोबांना काय माहीत?"

आतून बायको, निकारेते, कडाडली, "आता आजोबांच्या माशाच्या शेपटीचंही सांगून टाका, म्हणजे पाहुणे जायला मोकळे!"

फेरेक्लेसला मुलगी पसंत होती. पण उद्या स्किल्ला आजेसासूच्या मानानं दारात उभी राहिली, तर ताटं किती मांडायची? "आजोबांनी तिचा नाद सोडलाय, एवढं त्यांच्याच तोंडून ऐकवा."

थ्रासिल्लोसनं लगेच होडी काढली. देवाकडे बघायचं नसतं, म्हणून दोघं भर उन्हात होडीच्या तळाशी पालथे पडले.

"आजोबा, नातीच्या लग्नाचा प्रश्न आहे! स्किल्लाला सोडलंत ना?"

होडी कलली. काठावरून एक भलंमोठं ओलं डोकं आत डोकावलं. पांढऱ्या मिशा, गळ्यात शेवाळ. दोघांनीही न राहवून वर बघितलं.

तो सील होता. जाळी फाडणारा. नाकावरचा व्रण थ्रासिल्लोसच्याच वल्ह्याचा.

सीलनं फेरेक्लेसकडे पाहिलं, लांब सुस्कारा सोडला आणि बुडाला.

फेरेक्लेस ढसाढसा रडायला लागला. "नाही सोडलं हो! अजून झुरतायत. मीही बायकोसाठी असाच झुरतो. एवढी माया असलेल्या घरातलीच सून मला पाहिजे."

'अहो, हा तर साधा सील,' असं थ्रासिल्लोसच्या अगदी ओठांवर आलं होतं. लेकीकडे बघून त्यानं ते गिळलं.

लग्न थाटात झालं. पण फेरेक्लेस वरचेवर यायला लागला. समुद्रात मधाच्या पोळ्या सोडायचा, सीलपुढे मन मोकळं करायचा. सील अंगानं सुटला, निर्ढावला, दिवसाढवळ्या जाळी फाडायला लागला. एकदा शेजाऱ्यानं त्याच्यावर काठी उगारली, तर थ्रासिल्लोसच आडवा आला.

"खबरदार! नात्यातला आहे."

"तुझ्या?"

"माझ्या कशाला? व्याह्यांच्या!" असं म्हणून तो फाटकं जाळं खांद्यावर टाकून घराकडे निघाला.