काळ्या गाईच्या मानेवरची सूज

सत्तरच्या दशकात मी नागपुरात जनावरांच्या क्षयावर संशोधन करत होतो. क्षय झाला की रक्तातली काही एन्झाइमं वाढतात, असा आमचा अंदाज होता. तो खरा ठरला तर चमचाभर रक्तावरून निदान करता येणार होतं. पण तो खरा की खोटा हे कळायचं कसं? जनावर मरावं आणि मी त्याची फुप्फुसं उघडून पाहावीत. गिधाडासारखं हे वाट पाहणं मला मनापासून आवडत नसे.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत एक कोष्टीण मावशी राहायच्या. हातमाग बंद पडलेला, नवरा खाटेला खिळलेला, घर चालायचं ते एका काळ्या गाईच्या दुधावर. मी गाईचं रक्त घेतलं आणि नेहमीची परीक्षाही केली. मानेच्या कातडीत औषध टोचायचं, तिसऱ्या दिवशी सूज मोजायची; सूज मोठी असली तर क्षय.

रक्तात काही दोष निघाला नाही. मानेवर मात्र लिंबाएवढी सूज होती. गाय निरोगी आहे म्हणून मी माझ्या मार्गदर्शक सरांशी तावातावाने भांडलो.

"तुझी तपासणी अजून पाळण्यात आहे," सर म्हणाले. "तिच्या भरवशावर लोकांना हे दूध पाजायचं का?"

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणूनच जास्त संताप आला. गाय शहराबाहेर, क्षयी जनावरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मावशी दावं धरून गल्लीच्या टोकापर्यंत आल्या. दावं सोडवत नव्हतं त्यांना. शेवटी गाडीवाल्यानेच ते हातातून काढून घेतलं.

मे महिन्याच्या उन्हात गाय तिथेच मेली. मी फुप्फुसं उघडली, बोटांनी चाचपली, आजूबाजूच्या ग्रंथी चिरून पाहिल्या. क्षयाची खूणसुद्धा नव्हती. सर खूश झाले. "तुझं रक्त जिंकलं की रे!" म्हणाले. मला रडू आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही.

मावशींना सांगायला मीच गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"बिमारी नव्हती ना तिले?"

"नव्हती, मावशी."

"मले मालूमच होतं." त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "पण मंग सूज काहून आली गा बाबू? तू टोचून गेला, अन् मी लगेच तिथं बिब्बा तापवून लावला होता. तिले दुखू नाही म्हणून."

बिब्ब्याच्या तेलाने माणसाची कातडीसुद्धा फोड येऊन सुजते. काळ्या कातडीवर त्याचा काळा डाग कुणाला दिसणार?

मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आमची सुईच खराब होती," मी म्हणालो.

मग त्यांनी माझ्या सुईला, माझ्या शिक्षणाला आणि मला पोटभर शिव्या दिल्या. मी ओट्यावर बसून त्या सगळ्या ऐकून घेतल्या.