रुमालातला दुसरा हात

शिरूरला मित्राच्या वास्तुशांतीचे जेवण अंगावर आले होते, तरी वरवंडच्या अंजिरांचे नाव निघताच मी पुण्याचा सरळ रस्ता सोडला. एसटीने न्हावरे, मग भीमेचा पूल, चौफुला. उसाची शिवारे बघता बघता डोळा लागला आणि वरवंड मागेच राहिले. पुढच्या फाट्यावर उतरून चरफडत परत चालत आलो.

रस्त्याकडेला शेतकरी अंजिरांच्या पाट्या घेऊन बसले होते. टेम्पो एकच, व्यापारीही एकच. तरी तो प्रत्येकाच्या हातावर रुमाल टाकून, आत बोटे दाबून भाव करत होता (याला 'हत्ता' म्हणतात). मी चक्रावलो. घेणाराच एक, तर भाव लपवायचा कोणापासून?

जवळच्या पाट्यांमागे बसलेल्या वयस्कर शेतकऱ्याला सगळे आप्पा म्हणत होते; त्यांना विचारले.

"आमच्या आमच्यातच," ते म्हणाले. "त्याला किती दिला ते ह्याला कळू न्हाई, म्हंजी झालं."

"मग दुसऱ्या व्यापाऱ्याला द्या की."

"दुसरा येतच न्हाई. आन् पिकल्यालं अंजीर उद्यापतुर थांबतंय व्हय?"

मी अर्धा किलो मागितले. आप्पा माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे आणि गॉगलकडे बघत राहिले.

"पाव्हणं, रुमालात हात घाला."

"अहो, मला भाव करता येत नाही!"

"करू नगा. नुसती मान हलवा."

रुमालाखाली त्यांच्या खरखरीत बोटांनी माझी बोटे दाबली. मी नकारार्थी मान हलवली. मग ते बरे दिसणार नाही म्हणून होकारार्थी हलवली. आपण काय कबूल केले याचा पत्ता नाही! एवढा माल गळ्यात पडला तर?

तेवढ्यात व्यापारी आला. "कुठली कंपनी म्हणायची?"

"पुणे," मी म्हणालो. दुसरे काही सुचलेच नाही.

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि माझा हात बाजूला सारून स्वतःचा घातला. आप्पा आभाळाकडे बघत दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा हसून हो म्हणाले. आप्पांच्या पाट्या टेम्पोत चढल्या.

आप्पांनी माझी अंजिरे कागदात बांधली, पैसे काही घेतले नाहीत. "उद्या कवा येताय?"

मी हसलो, पण ते हसत नव्हते. शेजारचे पाटीवालेही माझ्याकडे बघत होते.

"उद्या ऑफिस आहे," मी म्हणालो, आणि मला फार ओशाळे वाटले.

यवत मागे पडले तेव्हा कुठे मला उलगडले, रुमालातला दुसरा व्यापारी मीच होतो. घरी सगळी हकिकत ऐकून बायकोने विचारले, "मग तू भाव तरी किती दिलास?"

मला ठाऊक नव्हते. उद्या त्या रुमालात हात कोण घालणार, तेही नाही.