सातव्या अंकातली पिशवीवाली

शेवाळेकाका कुठेही आत शिरले की आधी माणसं मोजत. लिफ्ट असो, खाण्याच्या स्टॉलांचं हॉकर सेंटर असो, की कुणाच्या कॉन्डोतली गणपतीची आरती. ओठ हलायचे, मान डावीकडून उजवीकडे सरकायची आणि मगच ते नमस्कार करायचे. नवख्याला वाटे, काका जप करताहेत. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये ते सेफ्टीचे इंजिनिअर होते. टाकीत माणसं कामाला उतरली की किती आत गेली आणि किती बाहेर आली हे बघून कागदावर सही करायची, हे त्यांचं काम.

माझी त्यांची ओळख मात्र तक्रारीतून झाली. पाया लेबारला आमचं छोटंसं ऑफिस आहे. आम्ही सुपरहिरोंची इंग्रजी कॉमिक्स काढतो आणि संपादनाचं काम माझ्याकडे असतं. एका शनिवारी सकाळी हे गृहस्थ कंपनीचा पास गळ्यात तसाच ठेवून आले, आमचा सातवा अंक माझ्यापुढे उघडला आणि दारावरची पाटी वाचल्यामुळे थेट मराठीतच म्हणाले, "मॅडम, ही बाई बाहेर आली का?"

त्या अंकात एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, एक स्टेशन कोसळतं आणि निळ्या पोशाखातला आमचा नायक लोकांना वाचवतो. काकांनी बोट ठेवलं ती बाई प्लॅटफॉर्मवर केशरी पिशवी घेऊन पाठमोरी उभी होती. "इथे चौदा माणसं आहेत. धूळ बसल्यावर रस्त्यावर तेरा. ही कुठे गेली?" मी आमच्या चित्रकाराकडे, जुनवेईकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. "बॅकग्राउंड ओन्ली लाह, मृदुला."

ती नुसती मागची गर्दी होती हे काकांना कळलं, तरी ते गेले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि गुडघा हलवत तासभर बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "खपासाठी एका अंकाला चार-चार मुखपृष्ठं काढता, आणि आतला माणूस आत राहतो. दर वेळी जग वाचवायचं कशाला? एक जिना वाचवा, पण पुरता वाचवा." मला राग आला होता, कारण पटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मग छापायच्या आधी तुम्हीच वाचत जा." दुसऱ्या महिन्यापासून आमची कच्ची पानं त्यांच्याकडे जायला लागली. काका ती कंपनीच्या बसमध्ये वाचत. प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने लिहिलेलं असे : आत अकरा, बाहेर अकरा, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, सही. 'मॅडम'ची 'अगं' कधी झाली ते माझ्या लक्षातही आलं नाही. अंक सुधारले, हे मी मान्य करते. माणसं मोजायची म्हटल्यावर जुनवेईला त्यांना चेहरे द्यावे लागले, आणि चेहरे आल्यावर मारामारीची दोन पानं आपोआप कमी झाली.

पिशवीवाली मात्र आतच होती. आठव्या अंकात एक चौकट तिला देईन असं मी कबूल केलं होतं. ऐन वेळी आमच्या ऑफिसच्या साहेबांना स्फोटाचं दुपानी चित्र हवं झालं आणि मी ती चौकट कापली. काकांना सांगायचं धाडस झालं नाही. छापील अंक त्यांनी हॉकर सेंटरमध्ये माझ्यासमोर शेवटपर्यंत उलटला, मिटला आणि माझ्याकडे सरकवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काका, अहो, चित्रातली बाई आहे ती," मी म्हटलं.

"मीही एकदा कागदापुरतंच बघितलं होतं." समोरच्या नूडल्स गार होत होत्या. "यादीत पाच नावं होती, पाच माणसं बाहेर आली. मी सही केली. ठेकेदाराने ऐन वेळी सहावा माणूस उतरवला होता. यादी बरोबर होती गं, माणूस आत होता. काढला तेव्हा उशीर झाला होता." मग ते म्हणाले, "त्यानंतर लेकीची ही पुस्तकं वाचायला लागलो. म्हटलं, सगळ्यांना बाहेर काढणारा एक तरी असेल. तर तुम्ही लोक मोजतच नाही."

मला स्वतःची फार लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

पुढे मालिका बाराव्या अंकावर बंद करायचं ठरलं. त्याच सुमाराला काकांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, आणि डॉक्टर काकूंशी बाहेर जाऊन बोलायला लागले होते. मी साहेबांशी भांडून एक पूर्ण पान मिळवलं. जुनवेईने जीव ओतून ते काढलं. धुळीतून नायकाच्या हाताला धरून केशरी पिशवीवाली वर येते, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा दिसतो. पान घेऊन मी हॉस्पिटल गाठलं. काकांनी चष्मा मागितला. ओठ हलले.

"आली," ते म्हणाले. काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मला वाटलं, आता सही करतील. पण पांघरुणाखाली त्यांचा गुडघा हलायला लागला. त्यांनी उशाशी ठेवलेला सातवा अंक मागितला, पान काढलं, डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ गेला. "अगं, पंधरा आहेत. हा बघ, जिन्याखाली. झाडूवाला म्हातारा." खरंच तिथे अर्धा खांदा आणि एक झाडू होता. "दीड वर्ष मी त्या बाईलाच शोधत बसलो. पुन्हा यादीच बघितली मी." पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली. "मी सही नाही करत. तू मोज."

पाचव्या दिवशी काका गेले.

मी जुनवेईला सगळं सांगितलं. या वेळी त्याने खांदे उडवले नाहीत. शेवटच्या पानावर नायक शहरावरून उडत जाणार होता. तो नायक त्याने काढून टाकला, आणि तिथे झाडू टेकत जिना चढून येणारा म्हातारा आला. सुपरहिरोचं पुस्तक सुपरहिरोशिवाय कसं संपवता, म्हणून साहेब चिडले. चिडोत.

आज संध्याकाळपर्यंत पानं छपाईला जायची आहेत. छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला. शेवटचं पान माझ्या टेबलावर आहे आणि काकांची पेन्सिल माझ्या हातात आहे. तीन वेळा मोजलं. आत पंधरा, बाहेर पंधरा. वेळही लिहून झाली. आता सही करायची, म्हणून पेन्सिल कागदाला टेकवते, आणि पुन्हा सातवा अंक उघडून पहिल्या चौकटीपासून मोजायला लागते.